‘इतर’ रकान्यातलं तांबं

पहिल्या नोकरीत मी सराफांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहायचे. दहा-बारा जणांची कंपनी होती आणि दागिन्याची किंमत काढणारं फंक्शन माझ्या वाट्याला आलं होतं. त्यात अवघड काही नव्हतं. वजन गुणिले आजचा भाव, त्यावर घडणावळ, खडे असतील तर त्यांचे वेगळे, शेवटी जीएसटी. तासाभरात लिहून झालं. टेस्टिंगला मी सोन्याच्या पाटल्या, चांदीचे पैंजण, एक हिऱ्याची अंगठी टाकून पाहिली. सगळं बरोबर आलं. इंजिनिअरिंगमध्ये इतकी वर्षं घालवल्यावर आपण लिहिलेली चार ओळींची गोष्ट खऱ्या दुकानात चालते, याचा मला कोण आनंद झाला होता.

ते फंक्शन पहिल्यांदा फसलं ते माझ्या ताईमुळे. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती तांब्याचे दागिने करते. पत्रा कापते, तापवते, ठोकते, घासते. आमच्या गावातल्या एका सराफकाकांनी तिचे वीसेक नग चांदीच्या काउंटरमध्ये ठेवून बघायची तयारी दाखवली. कॉलेजच्या मुली चांदी बघायला येतात, भाव ऐकून निघून जातात. त्यांना परवडेल असं काही असावं, हा त्यांचा साधा हिशेब. दुकानात सॉफ्टवेअर आमचंच. मी सुट्टीवर होते, म्हणून नग भरायला बसले.

पहिली कानातल्यांची जोडी. वजन १२ ग्रॅम. तांब्याचा भाव मी ग्रॅमला १ रुपया धरला. घडणावळ १२ टक्के, चांदीला होती तीच. एंटर दाबलं. स्क्रीनवर आलं : १३ रुपये ४४ पैसे.

ताईने चिठ्ठीवर लिहिलेली किंमत होती १,२०० रुपये. म्हणजे माझ्या प्रोग्रामच्या मते धातू १२ रुपयांचा आणि ताईचा हात १ रुपया ४४ पैशांचा. ताई शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. काका हसले आणि म्हणाले, “अगं, ‘इतर’मध्ये टाक ना. तिथे किंमत हाताने घालता येते.”

‘इतर’ हा रकाना मीच केला होता. मखमली डब्या, दागिने धुवायचं पाणी, दुकानाचं नाव छापलेल्या पिशव्या यांच्यासाठी. ताईचे वीस नग त्यात गेले.

ही गोष्ट मी पुढे बरीच वर्षं विनोद म्हणून सांगत असे. आता तसं वाटत नाही. त्या बिलात दागिन्यांची एक समीक्षा दडलेली होती आणि ती मीच कोडमध्ये लिहिली होती.

मोडीत काय येईल?

ताईच्या दागिन्यांबद्दल त्या दुकानात सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न ‘हे काळं पडेल का?’ असेल, असं मला वाटलं होतं. तो दुसऱ्या नंबरवर होता. पहिला होता, “मोडीत काय येईल?”

हा प्रश्न नीट ऐकला तर त्यात दागिन्याकडे बघायची एक आख्खी पद्धत आहे. हार समोर असतो, पण बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो वितळलेला असतो. नक्षी, गाठ, कडी, वळण हे सगळं तात्पुरतं आणि खरं काय ते मुशीत उरणारं. म्हणून सोनं विकत घेताना आपण घडणावळीवरच घासाघीस करतो. भावावर कोणी वाद घालत नाही. मोडताना वजन परत मिळतं, घडणावळ मिळत नाही. कारागिराने केलेलं काम घेतानाही अडचण आणि विकतानाही शून्य.

त्यात घडणावळ टक्क्यांत असली की आणखी गंमत होते. २०१९ साली दहा ग्रॅम सोनं ३५ हजारांच्या आसपास होतं. २०२५ मध्ये ते लाखाच्या वर गेलं. १२ टक्क्यांनी पाहिलं तर त्याच वजनाच्या, त्याच नक्षीच्या दागिन्याची घडणावळ ४,२०० वरून १२ हजारांवर जाते. ठोके तेवढेच, डोळ्यांना ताण तेवढाच. मग हे जास्तीचे पैसे कशाचे? कामाचे तर नाहीत, कारण काम बदललेलंच नाही. रकान्याला नाव कामाचं आहे आणि आकडा धातूचा आहे. सोन्याच्या चमकेत हे खपून जातं. एकूण बिल मोठं असतं, त्यामुळे आतली ही गफलत कुणाच्या लक्षात येत नाही.

तांब्यात ती लगेच उघडी पडते. धातूची किंमत जवळजवळ शून्य झाली की उरतं फक्त केलेलं काम आणि त्याला लपायला जागा नसते. माझं फंक्शन तांब्यापाशी बिघडलं नव्हतं. ते आधीपासूनच तसं होतं. तांब्याने फक्त टेस्ट केस दिली.

पण इथे मला स्वतःलाच अडवायला हवं. ‘मोडीत काय येईल?’ हा प्रश्न विचारणाऱ्या बायकांना रसिकता नाही, असं म्हणून पुढे जाणं मला जमणार नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी आईच्या पाटल्यांतून भरली गेली. ती पाटल्या घेऊन गेली तेव्हा कोणी त्यांच्यावरची नक्षी बघितली नाही. वजन केलं, कस लावला, पैसे दिले. त्या दिवशी नक्षीला काही किंमत नव्हती हे आमच्यासाठी बरंच होतं. किंमत डिझाइनची असती तर ती ठरवायला कोण बसलं असतं? ज्या बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, बँकेत फारसं काही नाही, तिच्या अंगावरचं सोनं ही तिची एकमेव मालमत्ता असते आणि मालमत्तेला ‘मोडीत काय येईल’ हाच प्रश्न विचारायचा असतो. मी आज जे कोड लिहिते, तेही एका अर्थी त्या मोडीतूनच आलं आहे.

तेव्हा माझी तक्रार सोन्याबद्दल नाही. बँकेला लावायची फूटपट्टी आपण प्रत्येक दागिन्याला लावतो, ही तक्रार आहे.

सोन्याच्या आतलं तांबं

ताईच्या कानातल्यांचा हूक चांदीचा असतो. कानाच्या भोकात तांबं राहिलं तर काहींना खाज येते, घामाने हिरवट डाग पडतो, म्हणून. दुकानातल्या एका मुलीने विचारलं, “हूक तरी शुद्ध चांदीचा आहे ना?” ताई म्हणाली, “९२५ आहे.” मुलीचं समाधान झालं.

९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. उरलेले ७५ भाग बहुतेक वेळा तांबंच असतं. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की तिचा हूक चार दिवसांत वाकडा होईल. तो ताठ राहतो तांब्यामुळे. तेच सोन्याचं. आपल्या पाटल्यांवर हॉलमार्कचा ९१६ हा आकडा असतो. म्हणजे ९१.६ टक्के सोनं, २२ कॅरेट. बाकीच्या भागात मुख्यतः चांदी आणि तांबं. चोवीस कॅरेटची बांगडी रोज घालून भांडी घासता येणार नाहीत. सोन्याला संसारात टिकवतं ते तांबं.

आणि रोझ गोल्ड? १८ कॅरेट रोझ गोल्डमध्ये ७५ टक्के सोनं असतं आणि उरलेल्यात बहुतांश तांबं. ती गुलाबी छटा तांब्याचीच. २०१५ साली आयफोन ६एस ‘रोझ गोल्ड’ रंगात आला तेव्हा आमच्या हॉस्टेलवर त्याच्या फोटोभोवती गर्दी झाली होती. तो फोन होता अॅल्युमिनियमचा, नाव सोन्याचं आणि रंग तांब्याचा. तांबं सोन्याच्या आत शिरलं की फॅशन, बाहेर एकटं आलं की देवघरातला तांब्या. रंग तोच, आपली नजर बदलते.

म्हणून तांबं सोन्याशेजारी मांडलं की पहिला धोका असा की ते ‘कमी सोनं’ दिसतं. सराफाच्या दुकानातला पिवळा उजेड सोन्यासाठी लावलेला असतो. त्यात तांबं मळकट वाटतं, सोनं व्हायला निघालेलं आणि वाटेत थकलेलं. काकांनी ताईचे नग चांदीच्या काउंटरमध्ये ठेवले, हे त्यांच्या चाळीस वर्षांच्या नजरेचं काम. पांढऱ्या धातूशेजारी तांब्याचा लाल रंग स्वतःचा म्हणून दिसला.

ताईचे दोन नग

ती माझी बहीण आहे म्हणून तिचं सगळं चांगलं म्हणावं असं नाही. त्या वीस नगांत एक हार होता, टेम्पल ज्वेलरीच्या घाटाचा. मधे पदक, दोन्हीकडे मोर, खाली घुंगरू. काम सफाईदार होतं. पण तो हार बघताना सारखं वाटायचं की हा सोन्यात हवा होता. घाट सोन्यासाठी जन्मलेला, तांब्याने तो उसना आणलेला. ‘एक ग्रॅम सोन्याचे’ म्हणून जे दागिने मिळतात, ते निदान ढोंग पूर्ण करतात. हा हार अर्ध्यावर थांबला होता. गिऱ्हाइकांनी त्याला ‘यावर पॉलिश करून मिळेल का?’ विचारलं, यात त्यांची चूक नव्हती. हाराने स्वतःच तो प्रश्न मागितला होता.

दुसरा नग म्हणजे तीच पहिली जोडी, १३ रुपये ४४ पैशांची. पातळ पत्र्याची दोन पानं, झाडाची नव्हेत, वहीच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी. पृष्ठभागावर शेजारी शेजारी ठोक्यांचे गोल ठसे. ताई हे पुण्याच्या तांबट आळीत बघून शिकली. कसबा पेठेतल्या या आळीत तांबट पिढ्यान्‌पिढ्या भांडी घडवत आले आहेत. हातोडीच्या ठोक्यांनी भांड्यावर ओळीने ठसे उठवण्याच्या कामाला ते मठारकाम म्हणतात. आपण ते नक्षी म्हणून बघतो. पण प्रत्येक ठोक्याने तिथलं तांबं घट्ट होतं, वाकायला कठीण होतं. कॉलेजात मी हे ‘वर्क हार्डनिंग’ नावाने परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. फार ठोकलं तर तांबं तडकतं. मग तापवून लाल करायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा मऊ झालं की पुन्हा ठोकायचं.

ताईच्या त्या पानांचा पत्रा इतका पातळ आहे की न ठोकता ठेवला असता तर ओढणीत अडकून दुमडला असता. ते ठसे काढले तर जोडी वाकेल. म्हणजे तिथे शोभा आणि बळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हे सोन्यात करता आलं असतं का? आलं असतं. पण सोन्याच्या भावात कोणी मोठा पत्रा घेऊन चुका करत बसत नाही. ताईने त्या घडीपर्यंत पोचायला अकरा पानं वाया घालवली. तांब्याने तिला चुकायची परवानगी दिली आणि ती परवानगी त्या जोडीच्या आकारात दिसते. चांगला तांब्याचा दागिना मी असा ओळखते : त्याला पॉलिश मारावंसं वाटत नाही.

वेस्ट फोर्थ स्ट्रीटवरचं दुकान

याच शोधात मला आर्ट स्मिथ भेटला, अर्थात स्क्रीनवर. १९१७ साली क्यूबात जमैकन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला, ब्रुकलिनमध्ये वाढलेला कृष्णवर्णीय कलावंत. कूपर युनियनमध्ये शिकला, विनिफ्रेड मेसन या तांब्यात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय दागिनेकार बाईंकडे उमेदवारी केली आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये स्वतःचं दुकान थाटलं. पहिल्या जागी वर्णद्वेषाचा त्रास झाला, म्हणून जवळच वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर गेला आणि तिथे तीस वर्षांहून जास्त काळ टिकला. त्याची सुरुवातीची कामं प्रामुख्याने तांब्या-पितळेची. तेच परवडत होतं. पुढे चांदी वाढली. सोनं बहुतेक कोणी खास मागितलं तर.

ब्रुकलिन म्युझियममधल्या त्याच्या दागिन्यांचे फोटो इंटरनेटवर आहेत. त्यातलं ‘लाव्हा’ नावाचं कडं बघा. कडं म्हणणं थोडं चुकीचंच आहे. एकमेकांवर चढलेले दोन वाहते आकार मनगटापासून वर कोपराखालचा हात व्यापतात, मधे मोकळ्या जागा सोडतात आणि त्या जागांतून दिसणारी त्वचा हाही दागिन्याचाच भाग होते. स्मिथचं म्हणणंच होतं की अंगावर चढेपर्यंत दागिना पुरा होत नाही. तो नृत्यसंस्थांसाठी दागिने करायचा. नर्तकाच्या अंगावरचं काम मागच्या रांगेतूनही दिसावं लागतं. तिथून त्याला मोठ्या आकारांची सवय लागली असावी.

म्युझियमचं ‘लाव्हा’ चांदीचं आहे. हाच त्याच्याबद्दलचा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तांब्या-पितळेवर काम करताना त्याला जी मोकळीक मिळाली, ती त्याने चांदीत नेली. आपल्याकडे उलटं होतं : सोन्याचे घाट खाली पितळेत, तांब्यात, बेंटेक्समध्ये उतरतात. स्मिथकडे आकार खालून वर चढतो. त्याच्या चांदीकडे बघताना ‘वजन किती?’ हा प्रश्न सुचतच नाही, कारण वितळवल्यावर तिथे काही उरत नाही. जे आहे ते त्या वळणात आणि मोकळ्या जागांत आहे.

त्याच काळात शिल्पकार अलेक्झांडर काल्डर पितळी तार ठोकून दागिने करत होता. त्याने आयुष्यात असे सुमारे १,८०० नग केले. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये त्याचा ‘द जेलस हजबंड’ नावाचा पितळी हार आहे. खांद्यांवर टोकदार काटे निघालेले, कोणी जवळ येऊ नये अशा बेताने. विनोद भारी आहे. पण काल्डर आधीच मोठा शिल्पकार होता आणि यातले कितीतरी नग त्याने भेट म्हणून दिले. त्याच्या पितळेमागे त्याचं नाव उभं होतं. स्मिथला दुकानाचं भाडं भरायचं होतं, त्यामुळे तांब्याला किंमत मिळवून देण्याचा प्रश्न त्याच्यासाठी रोजचा होता. म्हणून मला ताईचा नातेवाईक स्मिथ वाटतो.

औषधाची पट्टी

आपल्याकडे तांब्याला अंगावर एक मानाची जागा आहे, ती औषधाची. सांधे दुखतात म्हणून तांब्याचं कडं, उष्णता कमी होते म्हणून तांब्याची अंगठी. काकांनी ताईला सुचवलंही, “‘आरोग्यदायी’ असं लिही. दुप्पट खपेल.” २०१३ साली यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी संधिवाताच्या ७० रुग्णांवर केलेल्या चाचणीत तांब्याच्या कड्याचा प्लासिबोपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही. ताईला हे माहीत होतं, पण तिचं कारण वेगळं होतं. ती म्हणाली, “औषध म्हणून घेतलं तर ते वाईट दिसलं तरी घालतील. मला ते नकोय.”

मी सुचवलेला उपाय

मी इंजिनिअर. बिघाड दिसला की दुरुस्ती सुचवायची खोड. मी ताईला म्हटलं, आपण चिठ्ठीवर तास लिहू. तांबं १२ ग्रॅम, हूक चांदी ९२५, काम सहा तास. लोकांना कळेल पैसे कशाचे. सॉफ्टवेअरमध्येही ‘काम’ असा वेगळा रकाना करता येईल, धातूच्या भावाशी न जोडलेला. मला हे फार न्याय्य वाटलं होतं.

ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तास लिहिले की लोक तासाला भागतात. दोनशे रुपये तास? आमच्याकडे मजूर इतक्यात दिवसभर येतो, म्हणतील. आणि पुढच्या वर्षी मी हेच चार तासांत करेन, मग काय, स्वस्त करू? तो मोराचा हार तीन दिवस लागून केलाय. तो जास्त चांगला आहे का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वजनाची फूटपट्टी काढून मी तासाची आणली होती. दोन्ही मोजता येतात, म्हणून मला आवडल्या होत्या. घडणावळ टक्क्यांऐवजी खऱ्या कामाशी जोडली जावी, हे मला अजूनही पटतं. सोन्याच्या कारागिरासाठी तर नक्कीच. पण दागिना चांगला आहे की नाही, हे त्यातूनही कळत नाही. ते बघावंच लागतं. घालून, मान वळवून, उजेडात जाऊन. त्यासाठी रकाना करता येत नाही आणि हे माझ्यासारखीला मान्य करायला वेळ लागला.

त्या वीस नगांपैकी तेरा गेले. मोराचा हार परत आला. ताईने तो तापवून, कापून त्याची दुसरी पानं केली. तांब्याची मोड तिलाही चुकली नाही. दुमडलेल्या पानांची पहिली जोडी आईने घेतली, पैसे देऊन. पाटल्या पुढे तिने परत केल्या नाहीत. मी करून देते म्हटलं तर म्हणाली, आता भाव उतरू दे. कानातली मात्र ती रोज घालते. त्यांचा लाल रंग आता गडद तपकिरी झालाय, ठोक्यांच्या कडा तेवढ्या उजळ राहिल्यात. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, “कशाचं गं? सोन्याचं नाही ना वाटत.” आई म्हणाली, “तांब्याचं. बघ ना कसं दुमडलंय.” आणि कान पुढे केला.

मी ती कंपनी सोडून चार वर्षं झाली. मागच्या दिवाळीत काकांच्या दुकानात गेले होते. सॉफ्टवेअर तेच आहे. ताईचं कानातलं घेणाऱ्या एका मुलीचं बिल निघालं, मी वाकून बघितलं. ‘इतर – १ नग’. ती मुलगी बिल न बघताच आरशापाशी गेली होती.